आधी तिघांचं नातं

अगं, शिष्यवृत्तीच्या पेपरात ‘विसंगत पद ओळखा’ असा प्रश्न आला की तुझी नजर लगेच वेगळ्या संख्येच्या मागे धावते. चारही पर्यायांवरून डोळे फिरतात, एखादी संख्या जरा परकी वाटली की पेन तिच्याच गोलावर जातं. हे सोड. वेगळी संख्या शोधायचीच नाही. सारख्या तीन शोधायच्या. तिघांचं नातं सापडलं की चौथी आपोआप उरते, तिला हुडकत बसावं लागत नाही.

हे मी का सांगते ते एका उदाहरणावर बघ. १२१, १६९, १९५, २२५. आता वेगळी शोधायला निघालीस तर काय होईल? १२१ उलटी वाचली तरी १२१च राहते, म्हणून ती वेगळी. १६९ मध्ये प्रत्येक पुढचा अंक मागच्यापेक्षा मोठा आहे, असं दुसऱ्या कुठल्याच संख्येत नाही, म्हणून ती वेगळी. २२५ एकटीच दोनशेच्या पुढची, म्हणून ती वेगळी. मनात आणलं तर जगातली कुठलीही संख्या वेगळी ठरवता येते. आता उलट बाजूनं ये. १२१ बाहेर काढलीस तर उरलेल्या तिघींत समान काय? ‘त्या उलट वाचल्यावर तशाच राहत नाहीत’ एवढंच. पण ‘नाही’ हे काही नातं नव्हे. उरलेल्या तिघींबद्दल ‘आहे’ असं काहीतरी सांगता आलं पाहिजे. ११ चा वर्ग, १३ चा वर्ग, १५ चा वर्ग, हे झालं ‘आहे’. १९५ कुणाचाच वर्ग नाही. संपलं.

म्हणून उत्तराचा गोल रंगवण्याआधी मनात एक वाक्य पुरं करायचं: ‘ह्या तिन्ही अमुक आहेत.’ वाक्य छोटं हवं आणि त्यात ‘किंवा’ येता कामा नये. ‘ह्या तिन्ही वर्गसंख्या आहेत किंवा पाचाच्या पाढ्यातल्या आहेत’ असं म्हणावं लागलं, की समजायचं आपण नातं जुळवतोय, सापडलेलं नाही. वर्गात मी मुलांना हे वाक्य मोठ्यानं म्हणायला लावायची. पर्याय क्रमांक बरोबर सांगितला आणि वाक्य सांगता आलं नाही, तर मी तो प्रश्न सुटला असं धरत नसे. तुझ्या बाबालाही धरत नसे.

आता दुसरी गोष्ट, आणि ही क्लासमध्ये फारशी कुणी सांगत नाही. प्रश्न तयार कसा होतो ते लक्षात घे. नोकरीत असताना सराव परीक्षांसाठी असे प्रश्न मी स्वतः काढत असे. प्रश्न काढणारा चार वेगवेगळ्या संख्या कुठून तरी गोळा करत नाही. तो आधी एका नियमात बसणाऱ्या चार संख्या लिहितो आणि मग त्यातली एक किंचित बिघडवतो. १९६ च्या जागी १९५. २२५ च्या जागी २१५. ७२ च्या जागी ७०. बिघाड मोठा केला तर प्रश्न फारच सोपा होतो, म्हणून तो थोडाच करायचा असतो. त्यामुळे विसंगत संख्या बहुतेक वेळा सर्वांत अनोळखी दिसणारी नसते. ती नियमात बसता बसता राहिलेली असते. दोन पर्यायांत वर्गसंख्या दिसल्या की लगेच विचारायचं, उरलेल्या दोघींतली कोणती वर्गसंख्येच्या अगदी शेजारी उभी आहे? तीच बहुधा बिघडवलेली.

तू म्हणशील, पण तिघांचं नातं दिसायला तर पाहिजे. बरोबर आहे. ते दिसावं म्हणून आधी संख्यांची ओळख लागते, आणि ती ओळख पाढ्यांतून होते.

पाढे तुला येतात, तीसपर्यंत येतात. पण ते सुलटे येतात. ‘तेरा साते एक्क्याण्णव’ तू झोपेतही म्हणशील, आणि पेपरात ९१ दिसली की तेरा तुला आठवत नाहीत. ती मूळ संख्या वाटते. ५१, ५७, ८७, ९१ ह्या चौघी मुलांना सर्वांत जास्त फसवतात. दिसायला विषम, शेवटी ५ नाही, तोंडावरून मूळ. पण सतरा त्रिक एक्कावन्न, एकोणीस त्रिक सत्तावन्न, एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी. शंभराच्या पुढे ११९ म्हणजे १७ × ७, १३३ म्हणजे १९ × ७, १४३ म्हणजे १३ × ११, १६१ म्हणजे २३ × ७, २२१ म्हणजे १७ × १३. मूळ संख्यांच्या प्रश्नात बिघडवलेली संख्या ह्यांच्यातूनच उचललेली असते, कारण काढणाऱ्याला तशीच हवी असते.

तेव्हा रोज संध्याकाळी थोडा वेळ पाढे उलटे म्हणायचे. मी संख्या सांगेन, तू पाढा सांगायचा. ८४? बाराच्या, चौदाच्या, एकविसाच्या, अठ्ठाविसाच्या. ७८? तेराच्या, सव्विसाच्या. ९५? एकोणिसाच्या. ९७? कुणाच्याच नाही. हा ‘कुणाच्याच नाही’ ज्या दिवशी न अडखळता येईल, त्या दिवसापासून ह्या प्रकारचे प्रश्न तुला जड जायचे नाहीत. तोवर एक जुनी युक्ती जवळ ठेव. एक ते शंभरात २५ मूळ संख्या आहेत, आणि दर दहांत किती ते ४, ४, २, २, ३, २, २, ३, २, १ असं पाठ करायचं. शिक्षक ते ‘चव्वेचाळीस, बावीस, तीनशे बावीस, तीनशे एकवीस’ असं म्हणवून घेतात. ऐंशी ते नव्वदमध्ये दोनच, ८३ आणि ८९. मग ८७ ला तिथे जागा उरतच नाही. आणि १ मूळही नाही, संयुक्तही नाही, हे तुला ठाऊक आहेच.

वर्गसंख्यांचं काम त्यामानानं सोपं आहे. तीसपर्यंतचे वर्ग आणि दहापर्यंतचे घन पाठ हवेत, त्याला पर्याय नाही. पण पाठ नसलेली मोठी संख्या समोर आली तरी दोन खुणा वेळ वाचवतात. वर्गसंख्येच्या एककस्थानी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत. आणि शेवटी ५ असेल तर दशकस्थानी २ असायलाच हवा, म्हणजे संख्या २५ वर संपायला हवी. १९५ इथेच बाद होते, वर्गमूळ काढायचीही गरज नाही. आणखी एक कसोटी आहे. अंकांची बेरीज करत एक अंक उरेपर्यंत जायचं. तो १, ४, ७ किंवा ९ आला तर वर्गसंख्या असू शकते, दुसरा काही आला तर नाहीच. ही कसोटी ‘नाही’ ठामपणे सांगते, ‘आहे’ सांगत नाही. २१६ च्या अंकांची बेरीज ९ येते, पण ती वर्ग नसून ६ चा घन आहे.

घनांच्या बाबतीत ६४ वर विशेष नजर ठेव, कारण ती ८ चा वर्गही आहे आणि ४ चा घनही. २७, ६४, १२५, ३४३ अशा चार दिल्या तर चौघीही घनच. पण २७, १२५, ३४३ ह्या ३, ५, ७ ह्या मूळ संख्यांचे घन आहेत. ६४ हा ४ चा घन. शिवाय ती एकटीच सम, आणि एकटीच वर्गसंख्या. तीन वेगवेगळ्या वाटांनी गेलं तरी ६४ वरच येतो आपण. असं झालं की निर्धास्त गोल रंगवायचा.

संख्या वर्ग नाही, घन नाही, मूळ नाही, पण ओळखीची वाटते? मग तिच्या शेजारी बघ. ५०, ८२, १२२, १६८. एक कमी करून बघितलं तर ४९, ८१, १२१. १६८ मधून एक कमी केला तर १६७, हे काही नाही. एक वाढवला तर १६९. म्हणजे तिघी वर्गाच्या एक पुढे, १६८ वर्गाच्या एक मागे. बिघाड इथेही किती थोडा आहे बघ, १७० चे १६८ केले एवढाच. ह्याच जातीची दुसरी माळ ६, १२, २०, ३०, ४२, ५६, ७२, ९०. लगतच्या दोन संख्यांचे गुणाकार, २ × ३, ३ × ४, ४ × ५ असे. ही माळ डोळ्यांत बसव. वर्ग सगळ्यांना येतात, ही माळ फार थोड्यांना येते, आणि पेपरात दोन्ही सारख्याच दिसतात. जोड्यांच्या प्रश्नांतही तीच सापडते. ६ : ४२, ७ : ५६, ८ : ७२, ९ : ९१ ह्यात शेवटची जोडी ९ : ९० हवी होती.

त्रिकोणी संख्याही अशाच डोळ्यांत हव्यात. ३६, ४५, ५५, ६४ दिलं तर नुसते फरक बघ. ९, मग १०, मग ११ यायला हवे होते, आले ९. ६६ ला बिघडवून ६४ केलं आहे. ३६ आणि ६४ ह्या वर्गसंख्या आहेत हे दिसून तू थबकशील, पण त्या दोनच. दोघींच्या नात्यावर हा प्रश्न सुटत नाही.

कधी कधी संख्या बाहेरून काहीच सांगत नाही. १२२, २६३, २८४, ३९१. पाढे चाचपले, वर्ग पाहिले, काही जुळेना. तीन अंकी आणि ओबडधोबड संख्या असल्या की आत शिरायचं, अंकांकडे बघायचं. कडेच्या दोन अंकांचा गुणाकार मधोमध मांडला आहे: १ × २ = २, २ × ३ = ६, २ × ४ = ८. ३९१ मध्ये ३ × १ = ३ हवे, तिथे ९ आहेत. गुणाकारानं नाही जमलं तर बेरीज करायची. २५३, ३७४, ४६५, ६८२ ह्यात २ + ३ = ५, ३ + ४ = ७, ६ + २ = ८. ४६५ मात्र बसत नाही, ४ + ५ = ९. आणि इथे थांबू नकोस, पुढे एक पाऊल टाक. कडेच्या अंकांची बेरीज मधला अंक असेल तर ती संख्या ११ नं निःशेष भागली जाते. २५३ म्हणजे ११ × २३, ३७४ म्हणजे ११ × ३४, ६८२ म्हणजे ११ × ६२. ११ ची विभाज्यतेची कसोटी तू गणितात शिकलीस ती हीच. बुद्धिमत्ता चाचणी आणि गणित हे दोन पेपरांत विभागलेले विषय आहेत खरे, पण आतून ते एकच आहेत.

वेळेचं सांगते. दुसऱ्या पेपरात बुद्धिमत्तेचे ५० आणि इंग्रजीचे २५, मिळून ७५ प्रश्न, आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटसुद्धा नाही. म्हणून चाचपण्याचा क्रम ठरलेला हवा: पाढा, वर्ग-घन, मूळ, शेजार, आणि शेवटी अंक. सम-विषम मी मुद्दाम पहिलं सांगितलं नाही. मुलं तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण चारांत एखादी विषम योगायोगानंही असते. २६, ५०, ६५, ८० मध्ये ६५ एकटी विषम दिसते. पण २६, ५०, ६५ ह्या तिन्ही वर्गात एक मिळवून आलेल्या आणि ८० वर्गातून एक वजा करून आलेली. ‘तिन्ही सम आहेत’ हेही वाक्य होतंच, पण ते फार ढिलं आहे. जगातल्या निम्म्या संख्या त्यात बसतात. ज्या नियमात कमी संख्या बसतात तो नियम जास्त घट्ट, आणि दोन नियमांत निवड करायची वेळ आली तर घट्ट नियम धरायचा. सगळा क्रम फिरूनही काही हाती लागलं नाही तर प्रश्नाला खूण करून पुढे जा. पुष्कळदा परत आल्यावर तीच संख्या ओळख देते.

पण घट्टपणाही कधी कधी सारखाच निघतो, आणि त्या वेळी घाबरायचं नाही. ३०, ४२, ५६, ७० घे. लगतच्या गुणाकारांनी बघितलं तर ५ × ६, ६ × ७, ७ × ८, आणि ७० बाहेर. चौदाच्या पाढ्यानं बघितलं तर १४ × ३, १४ × ४, १४ × ५, आणि ३० बाहेर. दोन्ही नियम साफ, दोन्ही ओळीनं येणारे. इथे चूक तुझी नाही, प्रश्नाची आहे. असा प्रश्न काढणाऱ्यानं आपला नियम तपासला, दुसरा एखादा नियम दुसऱ्या संख्येला बाहेर काढतो का ते तपासलं नाही. परीक्षेत अशा जागी एक उत्तर रंगव आणि पुढे हो, त्यावर पाच मिनिटं घालवू नकोस. परीक्षा झाली की राज्य परीक्षा परिषद अंतरिम उत्तरसूची जाहीर करते, तिच्यावर आक्षेप मागवते आणि मग अंतिम सूची काढते. तुझ्याजवळ तुझं वाक्य तयार असेल तर बाबाला सांगून आक्षेप नोंदवता येईल. त्यासाठी प्रश्नपत्रिकेवरच कडेला दोन शब्दांत कारण लिहून ठेवायची सवय लाव.

संख्यांमध्ये दडलेले नियम किती असू शकतात हे पाहायचं असेल तर आपल्या देवळालीच्या कापरेकर सरांकडे बघावं. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५ चा, डहाणूचा. १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत त्यांनी देवळालीत शाळेत शिकवलं. विद्यापीठातली मोठी पदवी नाही, हाती वही-पेन्सिल आणि संख्यांचं वेड. चार अंकी कुठलीही संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नसले म्हणजे झालं. अंक उतरत्या क्रमानं लावायचे, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करायची. आलेल्या संख्येचं पुन्हा तेच. ३५२४ पासून निघ: ५४३२ − २३४५ = ३०८७. ८७३० − ०३७८ = ८३५२. ८५३२ − २३५८ = ६१७४. आणि ६१७४ चं पुन्हा केलं तरी ७६४१ − १४६७ = ६१७४. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं, कुठूनही निघालीस तरी. हे त्यांनी १९४९ मध्ये जाहीर केलं. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा देवळालीचे हे मास्तर जगाला माहीत झाले. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात.

त्यांच्या नावाच्या संख्याही आहेत. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० + २५ = ५५. ९९ चा वर्ग ९८०१, आणि ९८ + ०१ = ९९. आता तुला कुणी ४५, ५५, ६५, ९९ अशा चार दिल्या तर? कापरेकर सर ६५ बाहेर काढतील, कारण तिचा वर्ग ४२२५ आणि ४२ + २५ होतात ६७. पण परीक्षेत तू ९९ रंगवायचीस, पाचाच्या पाढ्यात नसलेली. घट्ट नियम धर असं मी मघाशी म्हणाले, त्याला ही मर्यादा आहे. प्रश्न काढणाऱ्याला नियम तुमच्या अभ्यासक्रमातूनच घ्यावा लागतो. जे तुम्हाला शिकवलेलं नाही ते तो लपवू शकत नाही. तेव्हा परीक्षेच्या खोलीत फार खोल जायचं नाही.

घरी मात्र जा, हवं तेवढं जा. सरांनी शोधलेल्या हर्षद संख्या घे, ज्या आपल्याच अंकांच्या बेरजेनं भागल्या जातात. ८४ चे अंक ८ + ४ = १२, आणि ८४ भागिले १२ म्हणजे ७. ४२ बघ, ४० बघ, मग ७४ बघ आणि ती का बसत नाही ते सांग. परीक्षेपुरतं जाणं आणि घरी खोल जाणं ह्यांतला फरक लहानपणी कळला तर मूल परीक्षेतही अडत नाही आणि संख्यांवरचं प्रेमही आटत नाही. गुण महत्त्वाचे आहेत, शिष्यवृत्तीचे तर आहेतच. पण प्रेम आटलेलं मला बघवत नाही.

म्हणून शेवटचं सांगते ते करायला तुला सगळ्यांत जास्त आवडेल. रोज एक प्रश्न स्वतः काढ. चार संख्या नियमानं लिही, एक किंचित बिघडव, आणि मग तासभर त्या पानाकडे बघू नकोस. परत आलीस की दुसऱ्या कुठल्या नियमानं दुसरी संख्या बाहेर पडते का ते शोध. पडली तर प्रश्न दुरुस्त कर. हे जमवणं सोडवण्यापेक्षा अवघड आहे. १५, २१, २८, ३५ असं त्रिकोणी संख्यांवरून काढायला जाशील आणि सातचा पाढा मध्येच उभा राहून १५ ला बाहेर काढेल. असं चार-पाच वेळा झालं की समोरच्या कागदावर प्रश्न काढणाऱ्याचा हात तुला दिसायला लागेल.

उद्यासाठी हा माझा घे: २४, ४८, ८०, १२२. १२२ विसंगत आहे हे तू लगेच सांगशील, त्यासाठी मी दिलेला नाही. कारणं दोन आहेत. तिघी विषम संख्यांच्या वर्गातून एक वजा करून आलेल्या, आणि तिघी आठाच्या पाढ्यातल्या. दोन्ही कारणं प्रत्येक वेळी बरोबरच येतात, पुढची १२० घे, १६८ घे, तेच. विषम संख्येच्या वर्गातून एक काढला की उरलेली संख्या आठाच्या पाढ्यात का पडते, ते मला सांगायचं. २४ म्हणजे ४ × ६, ४८ म्हणजे ६ × ८, ८० म्हणजे ८ × १०, असं एकाखाली एक लिहून बघ.